जे घरात, ते पानावर

सुलभाताई गेली हे कळलं तेव्हा मी एका अनोळखी माणसाला कर्जत स्टेशनवरून आमच्या घरी कसं यायचं ते फोनवर सांगत होते. मधेच दुसरा फोन वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजला. पनवेलच्या इस्पितळातून माझ्या नवऱ्याचा फोन होता, आणि त्या वेळी त्याचा फोन म्हणजे काय असणार ते मला आतून समजलं होतं. तरी मी त्या माणसाला पुरी वाट सांगितली. रिक्षा कुठून मिळते, कोंडाण्याचा रस्ता कुठे फुटतो, डोंगर कोणत्या हाताला ठेवायचा... आणि मग नवऱ्याचा फोन घेतला. हे ऐकून एका नातेवाईक बाईंनी मला तोंडावर विचारलं, "नणंद मेली नि तू गिऱ्हाईक सांभाळत बसलीस?" हो, बसले. आपल्याकडे यायला निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेत सोडायचं नाही, हे ताईनंच मला शिकवलं होतं. तिच्या मरणाच्या दिवशी मी ते मोडणार नव्हते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बोलायला उठलेल्या प्रत्येकानं ती शांत होती, सोशिक होती, सगळ्यांना सांभाळून घेणारी होती असं सांगितलं. मी सतरंजीवर बसून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. गेलेल्या माणसाला साखरेच्या पाकात बुडवून ठेवायची आपल्याला भारी हौस. सुलभा साळवे शांत नव्हती. सोशिक तर मुळीच नव्हती. ती भांडायची, समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडायची, चहा गार झाला तर परत पाठवायची, आणि आपल्याला काय येतं हे चारचौघांत सांगायला तिला कधीही लाज वाटली नाही. तिथे बोलणाऱ्या निम्म्या लोकांना तिनं कधी ना कधी तिच्या खोलीतून हाकललेलं होतं. ती कशी होती ते सांगायचं तर खरं सांगावं, नाहीतर सांगूच नये.

ताई माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही, का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती "तुमी का केलंत?" असं विचारायची. तरुणपणी ती पनवेलला एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिराती घेणाऱ्या कचेरीत होती. घर भाड्याने देणे आहे, गाय हरवली आहे, नावात बदल... लोक पानभर मजकूर लिहून आणायचे आणि ताई त्यातलं नको ते उडवून दोन ओळींत बसवून द्यायची. आयुष्यभर तिनं हेच केलं असं म्हटलं तरी चालेल. कचेरी बंद पडल्यावर ती कर्जतला परत आली, बाजाराच्या मागे एक खोली घेतली, एक कॉम्प्युटर घेतला आणि वेबसाइट करून द्यायला लागली. तेव्हा आमच्या भागात फार्महाऊसचं पीक आलं होतं. ज्याच्याकडे दोन खोल्या आणि एक आंब्याचं झाड, त्याला वेबसाइट पाहिजे होती. खालापूरकडचे केटरर, रोपवाटिकावाले, मांडववाले, बँडवाले, सगळे तिच्याकडे यायचे. वेबसाइट बांधण्यात तिची फार कारागिरी नव्हती, तयार साचे मिळायचे त्यातला साधा साचा ती उचलायची. तिचा सगळा झगडा असायचा तो त्यात काय ठेवायचं आणि काय नाही यावर.

कशेळ्याच्या दत्तूशेठची गोष्ट अजून आमच्याकडे सांगतात. बाजारपेठेच्या थोडं पुढे त्यांचं शेतघर आहे, नदीकाठी. त्यांनी ताईकडे पहिल्या पानासाठी फोटो आणून दिले ते असे: वर देव, मग वडील, मग तिन्ही भाऊ गॉगल लावून, मग काका, मग ज्यांच्या आशीर्वादाने काम झालं ते चार पुढारी, आणि शेवटी कोपऱ्यात, नखाएवढं, शेतघर. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो ना, तसाच. आमच्याकडे ही चूक हटकून होते, कारण आम्हाला पहिल्यापासून तेच माहीत. चार माणसं जिथे बघणार तिथे घरातल्या सगळ्यांचे चेहरे आले पाहिजेत, नाहीतर कुणीतरी रुसतं. ताई फोटो बघत गेली आणि तिनं विचारलं, "शेठ, पावणा तुमच्या भावांच्या गॉगलात झोपनार हाय का? संडासचा फोटो कुठाय?"

"संडासचा? पयल्या पानावर?" शेठ उभेच राहिले.

"मुंबईची बाई पयलं तेच बघती. नाय दिसला तर दुसऱ्याकडं जाती. तुमचा चांगला बांधलेला हाय, मंग दडवता कशाला?"

शेठनी संडास मान्य केला. पुढारीही गेले, मोठ्या कष्टाने. पण काकांवर अडलं. काका रुसतील, घरात बोलणं बंद होईल, असं शेठ कळवळून सांगायला लागले. कुणाला वाटेल ताईनं इथेही कात्री चालवली असेल, पण माणसांची तिला चांगली जाण होती. तिनं विचारलं, काका दिवसभर करतात काय? शेठ म्हणाले, काही नाही, जीप थांबतात तिथे टपरीवर बसलेले असतात. झालं. 'कसे याल' या पानावर काकांचा मोठा फोटो लागला आणि खाली ओळ आली: कशेळ्याला उतरलात की हे गृहस्थ टपरीवर बसलेले दिसतील, त्यांना विचारा, ते वाट दाखवतील. काका पुढे इस्त्रीचा शर्ट घालून टपरीवर बसायला लागले. पाहुणे त्यांना ओळखून हाका मारायचे. शेठच्या घरात त्या वेबसाइटचं खरं कौतुक काकांनाच होतं.

वेबसाइट झाली की ताई मालकाला घेऊन कशेळ्याच्या जीपथांब्यावर जायची. तिथे जीप भरेपर्यंत वाड्यावस्त्यांवरची माणसं ताटकळत असतात, त्यांना वेळच वेळ. ताई एखाद्या बाईच्या हातात मोबाईल द्यायची आणि सांगायची, "मावशे, ह्यांना फोन लावायचाय असं समज. नंबर कुठाय दाखीव." आणि मालकाला दटावायची, तोंड उघडायचं नाही. मावशी बोट फिरवायची, भलतीकडे जायची, आणि मालकाचा जीव वरखाली व्हायचा. "अहो इथं... इथं दाबा..." असं त्याच्या तोंडून निघालं की ताई भडकायची. "तुमी काय परत्येक पावण्याच्या शेजारी बसून सांगनार हाव? ती चुकली म्हंजे आपन चुकलो." मग खोलीवर परत, आणि नंबर सगळ्यात वर, दाबला की लागेल असा. पानावर हलणाऱ्या माळा, लुकलुकणारं सुस्वागतम, आपोआप वाजणारी सनई, हे सगळं ती काढून टाकायची. कोंडाण्याच्या डोंगराखाली उभं राहून, जिथे नेटवर्क येऊन जाऊन असतं, तिथे जे पान उघडत नाही ते तिच्या लेखी नव्हतंच.

आणि तिचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे, नाही ते लिहा. तरणतलाव नाही तर नाही लिहा. रस्ता पावसात बंद पडतो तर तसं लिहा. लोक घाबरायचे, असं लिहिलं तर येणार कोण? ताई म्हणायची, जो तरणतलावासाठी येणार आहे तो येऊन शिव्या देणार आहे, त्यापेक्षा तो घरीच बरा. तिचा एकच नियम होता आणि तो ती सगळ्यांना सारखा लावायची: जे घरात आहे ते पानावर, आणि जे घरात नाही ते पानावर नाही. ऐकायला हे फार सोपं वाटतं. माझ्या घरापर्यंत येईतो मलाही ते सोपंच वाटत होतं.

आम्ही कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याला बौद्धवाडीत राहतो. नवरा भिवपुरीच्या वीजकेंद्रात कामाला. लेणी बघायला येणाऱ्यांना मी आधी नुसतं पाणी द्यायचे, मग चहा, मग भाकरी-पिठलं, मग मागच्या दोन खोल्या नीट करून मुक्कामाची सोय केली. ताईनं मला पान करून दिलं. त्यावर जेवण, खोल्या, संडास, वाट, आणि ओढ्याला पाणी चढलं असेल त्या दिवशी येऊ नका अशी सूचना. धंदा हळूहळू जमायला लागला. तेवढ्यात शहरातून गट पाठवणारा एक मध्यस्थ आमच्याकडे आला. गोड बोलणारा माणूस, वाईट म्हणता येणार नाही असा, आणि म्हणूनच जास्त चीड येते. त्याला जेवण आवडलं, खोल्या आवडल्या. निघताना ओटीवर चपला घालता घालता तो म्हणाला, "वहिनी, एक छोटंसं सुचवू का? वेबसाइटवर पूर्ण नाव कशाला? नुसतं 'विमल होमस्टे' ठेवा, छान वाटतं. आणि पुढच्या खोलीचा फोटो दुसऱ्या बाजूने घ्या. ती भिंत नको. फोन उचलल्यावर पण जयभीमच्या ऐवजी हॅलो म्हटलं तर... म्हणजे मला काही नाही हो, पण गिऱ्हाईकाला कम्फर्टेबल वाटलं पाहिजे."

त्या भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची, आणि दुसरा माझ्या आजेसासऱ्यांचा फोटो, दीक्षा घेतली तेव्हाचा, पांढऱ्या कपड्यांतला, नजर रोखलेली. लेणी कोरली भिक्खूंनी, ती बघायला लोक घाम गाळत डोंगर चढणार, दगडातल्या स्तूपाचे फोटो काढणार, आणि खाली उतरून जेवायला बसल्यावर भिंतीवरच्या बुद्धानं त्यांना अवघडल्यासारखं होणार! हा काय न्याय झाला? पण त्या दिवशी मी हे बोलले नाही. माझे धाकटे दीर, सुधीरभाऊजी, तिथेच होते. ते म्हणाले, "वयनी, त्यात काय येवढं. पोटापान्याची गोष्ट हाय. फोटो काय भिंतीवरनं काढायला सांगत नाय तो, पानावरनंच." नवरा काहीच बोलला नाही. मी ताईला फोन केला.

ताई दुसऱ्या दिवशी आली. मला वाटलं होतं आता मोठं भाषण होणार. ती ओटीवर बसून पाणी प्यायली आणि तिनं धंद्याचा प्रश्न विचारला.

"पावणा आला की बसतो कुठं?"

"हितंच, पुढच्या खोलीत."

"समोर काय दिसतं त्याला?"

"भिंत. फोटो."

"मंग पानावर नाय आनि घरात हाय, म्हंजे पावणा फसलाच ना गं? तरणतलाव दाखवून डबकं काढल्यासारखंच झालं ते." ती उठली, खोलीत गेली, पाहुण्याच्या जागेवर बसली आणि तिथूनच भिंतीचा फोटो काढला. "ज्याला चालत नाय, त्याला त्याच्या घरी बसून कळू दे. त्यानं तोंड वाकडं करायचं तर तिकडंच करावं. माझ्या भावाच्या ओटीवर येऊन, तुझ्या हातची भाकरी बघून करायचं नाय." हे म्हणताना तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला मी रागावलेलं हजारदा पाहिलंय, पण त्या दिवसाइतकी भीती मला तिची कधी वाटली नाही, आणि तिचा इतका आधारही कधी वाटला नाही.

पानावर सगळ्यात वर ओळ आली: इथे स्वयंपाक विमल साळवे करतात. खाली भिंतीचा फोटो. मध्यस्थाचा फोन पुन्हा आला नाही.

मग भरभराट झाली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. तो हंगाम रोडावला. एका गृहस्थांनी सगळं ठरवून झाल्यावर, "आडनाव काय म्हणालात?" असं विचारलं, मी सांगितलं, "बरं, कळवतो," म्हणाले आणि कळवलं नाही. मी रडकुंडीला येऊन ताईला सांगितलं तर ती काय म्हणाली असेल? "वा! वेबसाइट काम करायला लागली." मी फोन आपटला. आज मला ते पटतं. जे आले ते भिंत बघून आले होते. काही जण तर त्या भिंतीसाठीच आले, बायकापोरांना घेऊन, आणि पहिल्यांदा कुणाच्या तरी घरी आडनाव सांगताना घसा खाकरावा लागला नाही, असं त्यांतल्या एका बाईंनी माझ्या चुलीपाशी बसून मला सांगितलं... त्या बाई दर वर्षी येतात.

ताईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा फार उशीर झालेला होता. मी शेवटची भेटले ती पनवेलला, इस्पितळात. अंगावर मांस राहिलं नव्हतं, पण जीभ शाबूत होती. मला उशीर का झाला विचारलं. मी म्हटलं, वॉर्ड सापडेना, तीन मजले फिरले. "मंग! कुठं जायचं ते कुठंच लिवलं नाय. नुसते डाक्टरांचे फोटो लावलेत जिन्यात," ती म्हणाली आणि नर्सला तेच ऐकवलं. मग मला जवळ बसवून माझा मोबाईल मागितला. आमच्या पानावरचं अक्षरही मी कधी बदललं नव्हतं, सगळं तीच करायची. तिनं मला पासवर्ड सांगितला, माझ्याच बोटानं पान उघडायला लावलं, फोटो कसा चढवायचा, ओळ कशी लिहायची, जतन कुठे करायचं ते करून घेतलं. माझं बोट चुकलं की तिच्या कपाळावर आठी यायची, पण ती हात लावून दाखवत नव्हती. मी म्हटलं, ताई, हे आता कशाला? ती म्हणाली, "मी गेले की तुला सगळे समजवायला येतील. तुला येत नाय म्हनून गप बसायची पाळी येऊ नये." एवढं बोलून ती दमली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

आणि आलेच समजवायला. पुण्यानुमोदनाचं जेवण झालं, माणसं पांगली, आणि सुधीरभाऊजी माझ्यापाशी येऊन बसले. ते वाईट नाहीत, बहिणीसाठी धाय मोकलून रडले होते. पण त्यांच्या डोक्यात तेच होतं. तो मध्यस्थ त्यांना कर्जतला भेटला होता. पान नवीन, झगझगीत करून द्यायला तयार होता, दर आठवड्याला गट पाठवायला तयार होता, फक्त नाव आणि भिंत तेवढी... "वयनी, ताई होती तवर ठीक होतं. तिचा सोभाव तुमाला म्हाईत. आता कुनाशी भांडायचं? द्या सोडून." मी नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं या विषयावर गप्प बसलेला हा माणूस, हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाला, "घर विमल चालवते. तिला इचार."

मी सांगितलं, भांडण ताईचं एकटीचं नव्हतं. आडनाव माझं आहे, भिंत माझी आहे, आणि माझ्या घरातून काय दिसावं हे माझ्या घरी न राहणाऱ्यानं ठरवायचं नाही. भाऊजी रागावून गेले. त्यांचा राग जाईल, न गेला तरी माझी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी घर आवरलं आणि पुढच्या खोलीत पाहुण्याच्या जागी जाऊन बसले. कार्यक्रमासाठी ताईचा फोटो चौकटीत बसवून आणला होता, तो नवऱ्यानं बुद्ध आणि आजेसासऱ्यांच्या शेजारी टांगला होता. कर्जतच्या खोलीतला फोटो, खुर्चीत बसलेली, भुवया वर, आता कुणाला तरी बोलणार अशी. म्हणजे भिंतीवर तीन जण झाले होते आणि पानावर अजून दोघंच दिसत होते. मी तिथूनच नवा फोटो काढला. चढवताना दोनदा चुकले, तिसऱ्यांदा चढला. नेटवर्क गेलं, आलं. मग फोटोखाली ओळ लिहायला बसले. 'कै.' लिहिलं नाही, जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिल्या नाहीत, शांत आणि सोशिक तर नाहीच नाही. मी लिहिलं: या सुलभा साळवे. हे पान यांनी केलं. यातलं काहीही काढायचं असेल तर आधी यांना विचारावं लागेल.

सुधीरभाऊजींनी ते वाचलंय, मध्यस्थानंही वाचलंय म्हणतात. अजून कुणी विचारायला गेलेलं नाही.